दुकाने-कार्यालये तपासणी अर्ज: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम आजपासून सुरू. स्थानिक निरीक्षक दुकानं आणि कार्यालयं तपासायला जातात तेव्हा भरतात तो छापील अर्ज नव्याने बांधायचा आहे. जुना अर्ज चार पानी आहे आणि प्रश्न सगळे एकाच साच्यातले. अग्निशामक आहे का, प्रथमोपचार पेटी आहे का, बाहेर पडायला दुसरा मार्ग आहे का. पुढे दोन चौकटी: होय, नाही.

भरलेल्या अर्जांचा गठ्ठा दुपारभर चाळला. पानामागून पान होय, होय, होय. शेऱ्याच्या रकान्यात ‘समाधानकारक’, नाहीतर रकाना कोरा. मधूनच एखादा ‘नाही’ दिसतो, तोही बहुतेक प्रथमोपचार पेटीसमोर. कारण उघड आहे. पेटी विकत आणून भिंतीला ठोकली की पूर्तता झाली, निरीक्षकही सुटला आणि मालकही. कुठल्या जागी माणूस पडेल, भाजेल किंवा गुदमरेल, याचा या गठ्ठ्यावरून पत्ता लागत नाही.

निरीक्षकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ‘आहे का’ असं विचारल्यावर दारातून मान आत घालून ‘आहे’ म्हणता येतं, आणि दिवसाला दिलेल्या जागा उरकायच्या असतील तर माणूस तेच करणार.

ठरलेली चौकट: नवा अर्ज एका कागदाच्या दोन बाजूंवर मावला पाहिजे, एकट्या निरीक्षकाला भरता आला पाहिजे. कारखाने यात नाहीत.

८ जानेवारी

मुळातून वाचन. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन करार टेबलावर घेतले: १९४७ चा कामगार तपासणीविषयीचा ८१ क्रमांकाचा आणि १९६४ चा, वाणिज्य व कार्यालयांतल्या स्वच्छतेविषयीचा, १२० क्रमांकाचा. दुसरा फारसा कोणी उघडत नाही. नाव ‘स्वच्छता’ असलं तरी त्यात हवा, उजेड, तापमान, पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, कपडे बदलण्याची जागा, बिनखिडकीच्या आणि तळघरातल्या खोल्या, आवाज, घातक पदार्थ हे सगळं येतं.

त्यातलं चौदावं कलम दोनदा वाचलं. कामगारांसाठी पुरेशी आणि योग्य आसनं असावीत, आणि ती वापरायची वाजवी संधीही त्यांना मिळावी. म्हणजे खुर्ची असणं ही एक अट आणि तिच्यावर बसता येणं ही दुसरी. कलम लिहिणाऱ्यांना दुकानातली तऱ्हा पक्की ठाऊक असावी.

हा विषय जुनाच. ब्रिटनमध्ये दुकानातल्या स्त्री कर्मचाऱ्यांसाठी आसनं ठेवायला लावणारा कायदा १८९९ मध्ये झाला, दर तीन जणींमागे एक आसन. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या दुकाने कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांच्या बसण्याची तरतूद घातली. मधे शंभरावर वर्षं गेली. आपल्या जुन्या अर्जात बसण्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

१३ जानेवारी

वरिष्ठ निरीक्षक मॅडमबरोबर एका मोठ्या कापड दुकानात. त्यांनी आधीच बजावलं होतं, “तुम्ही फक्त बघा, बोलू नका.”

मॅनेजर पुढे आले आणि हाताने शोरूमकडे वाट दाखवू लागले. मॅडम म्हणाल्या, “पुढचं नंतर बघू. माल कुठून आत येतो, तिथून सुरुवात करू.” मॅनेजरांचा चेहरा तेवढ्यात उतरला. मागच्या बाजूला गेलो.

मागे एक अरुंद लोखंडी जिना, पोटमाळ्यावर जाणारा. कठडा एकाच बाजूला. पायऱ्यांच्या कडांवर चढलेली चकचक सांगत होती की वापर रोजचा आणि भरपूर आहे. तिसऱ्या पायरीवर साड्यांची खोकी, पाचवीवर हँगरांचा गठ्ठा. पोटमाळ्याचं छत इतकं ठेंगणं की मी वाकूनच उभा होतो, आणि बल्ब माझ्या कानाशी, होल्डरसकट उघडा. दुकानाचं दुसरं दार इथेच होतं. दाराला आतून कडी, कडीला कुलूप, आणि दारासमोर मोडका पुतळा. जुन्या अर्जात या दुकानापुढे ‘दुसरा मार्ग: होय’ असं लिहिलेलं आहे. ते खोटं म्हणता येणार नाही. दार आहेच.

खुर्च्यासुद्धा सापडल्या, पोटमाळ्यावर, एकात एक घालून रचलेल्या, बुडाला प्लास्टिक तसंच. मॅनेजर म्हणाले, “स्टाफला बसायची पूर्ण मुभा आहे, मॅडम.” मॅडमनी लिहून घेतलं, वाद घातला नाही. नंतर मॅनेजर फोन घ्यायला बाहेर गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीला त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, आज सकाळपासून बसलात कधी?” ती हसली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. बोलली काही नाही.

१५ जानेवारी

अर्जाचा क्रम पक्का केला: मागून पुढे. माल उतरवायची जागा, गोदाम, पोटमाळा किंवा तळघर, मीटर बोर्ड, कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह, त्यांची जेवायची जागा, आणि सगळ्यात शेवटी शोरूम. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडतं ते दुकानदार स्वतःच नीट ठेवतो, त्याला तपासणीची गरज नाही. निरीक्षकाचा वेळ आणि दम ताजा असताना तो मागे खर्च व्हावा.

कार्यालयांनाही हाच क्रम, फरक इतकाच की तिथे ‘मागे’ म्हणजे सर्व्हर ठेवलेली खोली, जुन्या फायलींची खोली आणि हाऊसकीपिंगचं कपाट.

२१ जानेवारी

अग्निशामक सिलिंडर. यावर पूर्ण दिवस गेला, आणि जायलाच हवा होता.

जुना प्रश्न: ‘अग्निशामक आहे का? गेज हिरव्या पट्ट्यात आहे का?’ पावडरच्या सिलिंडरला हा प्रश्न लागू पडतो, कारण त्यात दाब भरून ठेवलेला असतो आणि तो गेजवर दिसतो. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला मुळात गेजच नसतं. तो वायू आत द्रवरूपात असतो, वायू थोडाफार निसटला तरी दाब जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे दाब मोजून काही कळत नाही. तो तपासायचा वजन करून. वर कोरलेल्या भरण्याच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घट असेल तर बदलायचा किंवा पुन्हा भरून घ्यायचा. विजेच्या उपकरणांजवळ हाच ठेवतात, म्हणजे कार्यालयांत बहुतेक हाच. आणि गठ्ठ्यातल्या अर्जांत या सिलिंडरांपुढेही ‘गेज हिरव्यात: होय’ अशी खूण आहे! नसलेलं गेज हिरव्यात होतं.

नवा प्रश्न असा: जवळच काम करणाऱ्या कोणाही एकाला सिलिंडर खुंटीवरून उतरवून हातात धरायला सांगा. चालवायचा नाही, नुसता उतरवायचा. आज एका कार्यालयात हे करून पाहिलं. खुंटी इतकी उंचावर की रिसेप्शनवरच्या बाईंना खुर्ची घ्यावी लागली, आणि त्या खुर्चीला चाकं होती. शेवटी शिपाईमामांनी उतरवला, पण पिन कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं. सिलिंडर नवाकोरा, कागदपत्रं चोख. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा कर्णा उघड्या हाताने धरायचा नाही, वायू सुटताना तो इतका गार पडतो की कातडी भाजल्यासारखी होते, हेही तिथे कोणाला ठाऊक नव्हतं.

दोन मिनिटांत कळतं. प्रश्न अर्जात घेतला.

२७ जानेवारी

बाहेर पडायची दारं. कुलूप का लावता असं विचारलं की उत्तर नेहमी एकच मिळतं: चोरी. उत्तर खोटं नसतं, म्हणूनच तो मुद्दा नुसता झटकून टाकता येत नाही.

निरीक्षकांच्या प्रशिक्षणासाठी दोन आगींची टिपणं काढली. मँचेस्टर, मे १९७९, वूलवर्थ्सचं दुकान. फर्निचर विभागात आग लागली, फोमच्या गाद्यांचा विषारी धूर झपाट्याने पसरला, दहा माणसं गेली. वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या गजांआड अडकलेल्यांना गज कापून काढावं लागलं. दुसरी, असुन्सिओन, पॅराग्वे, १ ऑगस्ट २००४, इकुआ बोलान्योस सुपरमार्केट. तीनशेहून जास्त मृत्यू. पैसे न भरता लोक निघून जातील म्हणून दारं बंद केली गेली, असं पुढे खटल्यात आलं. दोन्ही ठिकाणी दारं-खिडक्या बांधल्या होत्याच की.

प्रश्न लिहिला: ‘दार आत्ता, किल्लीशिवाय, एका हाताने आतून उघडून दाखवा.’ उघडलं नाही तर किल्ली कोणाकडे, तो माणूस आज कामावर आला आहे का, हे नोंदवायचं. चोरीवर उपाय विचारला तर सांगायला हवा म्हणून तळटीप घातली: आडव्या दांड्यावर अंगाने ढकलून उघडणारं दार, आणि उघडताक्षणी वाजणारी घंटा. बाहेरून बंद, आतून मोकळं, शिवाय चोराला आवाजाचा धाक.

३ फेब्रुवारी

कार्यालयातली हवा. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र घेऊन एका सल्लागार कंपनीच्या कार्यालयात. बाहेर मोकळ्यावर आकडा दहा लाख भागांत ४२० च्या आसपास. मोठ्या हॉलमध्ये साधारण ९००. बैठकीच्या काचेच्या खोलीत, दार बंद, आत आठ जण: आमच्यादेखत आकडा दोन हजारांच्या वर गेला. आतले लोक जांभया देत होते आणि दोष दुपारच्या जेवणाला देत होते.

दहा लाखांत हजार भाग ही मर्यादा माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवली होती. हा वायू इतक्या प्रमाणात विषारी असतो म्हणून नव्हे, तर माणसांच्या श्वासाने खोली किती कोंदली आहे याचं ते माप म्हणून. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात सतत १५०० च्या वर राहणारी खोली वायुवीजनाच्या दृष्टीने खराब धरतात. आपण अर्जात तीच रेघ घेतली.

व्यवस्थापकांचं म्हणणं, “पण एसी चालू आहे ना!” हे वाक्य पुढे सतत ऐकायला मिळणार, म्हणून त्याचं उत्तर निरीक्षकाच्या जिभेवर हवं. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. गारवा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या सोयी आहेत, आणि वीज वाचवायला खिडक्या सील केल्या की दुसरी बंद पडते.

यंत्र वापरणाऱ्यांसाठी सूचना: हात लांब करून धरा. आपल्या उच्छ्वासात हा वायू चाळीस हजारांच्या घरात असतो, तोंडाशी धरलंत तर स्वतःचाच श्वास मोजाल.

ब्रिटनच्या १९६३ च्या कार्यालये, दुकाने व रेल्वे आवार कायद्यातली एक तरतूद आवडली. बैठ्या कामाच्या खोलीत पहिल्या तासानंतर तापमान १६ अंशांच्या खाली नको, एवढं सांगून कायदा थांबला नाही. कर्मचाऱ्याला दिसेल असा तापमापक मजल्यावर लावायला सांगितला. निरीक्षक वर्षातून एकदा येणार, कर्मचारी रोज तिथे बसतो. बैठकीच्या खोल्यांत हवेचं यंत्र कायमचं भिंतीवर लावावं, अशी शिफारस याच धर्तीवर करता येईल. मॅडमना पटलं आहे. वरून मंजुरी मिळते का बघू.

१० फेब्रुवारी

वीज. दुकानांत एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी साखळी. सणासुदीला रोषणाईची माळ त्याच्याच शेपटीला. प्रश्न सोपा ठेवला: भिंतीतल्या सॉकेटपासून उपकरणापर्यंत बोटाने वायर धरत जा, मधे किती बोर्ड लागले ते लिहा. एकाहून जास्त म्हणजे शेरा. बोर्ड हाताला गरम लागला तर तोही शेरा.

आरसीसीबीवर, म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्यावर, चाचणीचं बटण असतं, ते दाबून बघायचं. माणसाच्या बचावासाठी बसवलेला ३० मिलिअँपिअरचा असावा. बटण दाबल्यावर पडला नाही तर तो नुसता शोभेला आहे. बटणाने फक्त त्याची आतली यंत्रणा कळते, अर्थिंग कळत नाही, ते वेगळं मोजावं लागतं. आणि बटण दाबण्याआधी सगळ्यांना संगणकावरचं काम सेव्ह करायला सांगायचं! ही सूचना ठळक अक्षरात छापणार आहे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात निरीक्षकांबद्दल तक्रारी येतील.

१२ फेब्रुवारी

हाऊसकीपिंगचं कपाट. पाण्याच्या जुन्या बाटल्यांत ओतून ठेवलेली द्रव्यं, वर चिठ्ठी नाही. एकीत ब्लीच, दुसरीत शौचालय धुवायचं ॲसिड. दोन्ही एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो, आणि स्वच्छतागृह म्हणजे दार लावलेली चिंचोळी खोली. सफाईचं काम बहुतेक ठेकेदाराच्या माणसांकडे, त्यामुळे कार्यालयाच्या हजेरीत त्यांची नावं नसतात आणि तपासणीत त्यांना कोणी विचारत नाही. अर्जात प्रश्न घातला: सफाई करणाऱ्यांशी बोललात का? त्यांच्या ठेकेदाराचं नाव?

१८ फेब्रुवारी

सुपरमार्केटची शीतखोली. इथे मॅडमनी मला आत उभं केलं आणि दार बाहेरून लावायला सांगितलं. आतल्या बाजूला दार सोडवायचा दांडा असतो, तो ढकलला की बाहेरून खटका बसलेला असला तरी दार सुटलं पाहिजे. मी ढकलला. हलेना. दांड्याच्या खोबणीत बर्फ जमला होता. आत दिव्याचं बटण सापडलं, पण घंटेचं बटण मालाच्या खोक्यांमागे. मॅडम बाहेर दाराशीच होत्या, लगेच उघडलं. एवढ्याशा वेळातही थंडी बाहीतून आत शिरली.

शाखा व्यवस्थापक म्हणाले की दार नेहमी उघडंच असतं, माणूस आत असताना कोणी लावत नाही. खरं असेल. रात्री दुकान बंद करताना एकटा माणूस माल लावायला आत असतो का, या प्रश्नावर ते जरा थांबले आणि “कधीकधी” म्हणाले.

जागेवरच लेखी मनाई: दांडा दुरुस्त होईपर्यंत एकट्याने आत जायचं नाही, दार उघडं अडकवून ठेवायचं. ८१ क्रमांकाच्या कराराच्या तेराव्या कलमात, धोका तोंडाशी आलेला असेल तर निरीक्षकाने ताबडतोब अमलात येईल असा आदेश काढण्याची किंवा काढवून घेण्याची सोय आहे. बाकी सगळ्याला मुदत देता येते, याला नाही.

अर्जातली सूचना: ही चाचणी कधीही एकट्याने करायची नाही. बाहेर दाराला हात लावून दुसरा माणूस हवा.

२५ फेब्रुवारी

बैठक लांबली. एक सूचना आली की निरीक्षकांनी जायचंच कशाला, मालकांनी वर्षातून एकदा ऑनलाइन स्वयंघोषणा भरावी. कामाचा भार कमी होईल, त्रासही कमी. माझं मत नोंदवून ठेवतो. स्वयंघोषणेत शीतखोलीचा दांडा ‘आहे’ असाच भरला गेला असता, आणि भरणारा प्रामाणिकपणे भरत असता. स्वयंघोषणा घ्या, पण कुठे आधी जायचं ते ठरवायला घ्या. जाण्याच्या बदली नको.

दुसरा वाद: आधी कळवून जायचं की न कळवता? ८१ क्रमांकाच्याच कराराच्या बाराव्या कलमात निरीक्षकाला पूर्वसूचनेशिवाय प्रवेशाचा अधिकार आहे. काहींचं म्हणणं, छोट्या कार्यालयात कळवून गेलं तर कागदपत्रं तयार मिळतात. ते खरं आहे. तडजोड निघाली: कागदपत्रांसाठी तारीख द्या, जागेसाठी देऊ नका. तारीख दिली की पायऱ्यांवरची खोकी आदल्या रात्री हलतात आणि निरीक्षक गेल्यावर परत येतात.

तक्रारीवरून भेट असेल तर पंधराव्या कलमाप्रमाणे तक्रारदाराचं नाव गुप्त, आणि भेट तक्रारीवरून झाली हेसुद्धा मालकाला कळू द्यायचं नाही. चार माणसांच्या दुकानात हे जमवायचं कसं? तक्रार फक्त स्वच्छतागृहाची असली तरी संपूर्ण तपासणी करायची, आणि शेजारच्या दोन दुकानांतही जायचं. वेळ जास्त जातो. पण नोकरी जाते ती त्या माणसाची, आपली नव्हे. अर्जातला ‘भेटीचं कारण’ हा रकाना मालकाला मिळणाऱ्या प्रतीवरून काढून टाकला.

४ मार्च

शेरे कसे लिहायचे, याचा नमुना तयार केला. जुन्या गठ्ठ्यातला शेरा: ‘जिन्याबाबत योग्य ती खबरदारी घ्यावी.’ यावर मालक काय करणार? ‘घेतली’ असं लिहून पाठवणार, आणि कागदोपत्री विषय संपणार.

नवा नमुना: ‘मागच्या लोखंडी जिन्यावरची सर्व खोकी आजच हलवा. उजव्या बाजूला कठडा १५ दिवसांत बसवा. बसवल्यावर खालून वर असा फोटो पाठवा.’ कुठे, काय, कधीपर्यंत, आणि झालं हे कसं कळणार. चारही असल्याशिवाय शेरा पुरा धरायचा नाही.

‘योग्य’, ‘पुरेसा’, ‘शक्यतो’ हे शब्द शेऱ्यात आले तर वरिष्ठांनी अर्ज परत पाठवायचा, असं मॅडमनी स्वतःहून सुचवलं. लगेच मान्य.

११ मार्च

चाचणी. दोन नव्या निरीक्षकांना एकाच दुकानात वेगवेगळ्या वेळी पाठवलं आणि अर्ज शेजारी ठेवून पाहिले. सिलिंडर, दार, बोर्डांची साखळी: उत्तरं जुळली. उजेडाच्या प्रश्नावर एक म्हणतो ठीक, दुसरा म्हणतो अंधार. एक सकाळी गेला होता, दुसरा संध्याकाळी, शिवाय दुसऱ्याचा चष्मा जाड. तिथे आता आकडा: लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक), आणि मोजल्याची वेळ.

ज्या प्रश्नांवर दोघांनी न बघताच ‘होय’ लिहिलं असं वाटलं, ते सरळ काढून टाकले. ‘वातावरण आरोग्यदायी आहे का’ हा त्यातलाच. त्याला निरोप देताना कोणी हळहळलं नाही.

१९ मार्च

एकट्याने चालवायची छोटी दुकानं. एका स्टेशनरी दुकानदारांनी ऐकवलं, “साहेब, इथे मीच मालक, मीच नोकर. माझी तपासणी माझ्यासाठीच करताय का?” प्रश्न रास्त आहे. त्यांच्यासाठी हवेचं यंत्र, शीतखोली, जेवायची जागा, काहीच लागू नाही. पण छतापर्यंत फळ्या आहेत, आणि वरचा माल काढायला ते काउंटरवर चढतात, तिथून एक पाय फळीवर. आमच्यासमोरच चढले.

शिडी मागच्या बाजूला होती, टेकवायची. का वापरत नाही? “सरकते.” ती टेकवली होती जवळजवळ उभी, पायाचे रबर झिजून लोखंड फरशीवर. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, हे माप त्यांना करून दाखवलं, नवे रबर लावायला सांगितलं आणि जड खोकी खालच्या फळीवर, हलकी वर, असं लावायला सुचवलं. शेवटची गोष्ट त्यांनी आम्ही असतानाच सुरू केली. कागद, वह्या, रिमांचे गठ्ठे हे सगळ्यात जड, आणि ते सगळ्यात वर होते.

अशा दुकानांसाठी कागदाची एकच बाजू. पडणं, वीज, आग, बास.

२७ मार्च

कापड दुकानात फेरतपासणी. जिना मोकळा. कठडा बसवला आहे, फोटोही आला होता, हाताने हलवून पाहिला, पक्का आहे. मागचं दार किल्लीशिवाय उघडलं. पुतळा गेला.

खुर्च्या खाली आल्या आहेत, काउंटरमागे, प्लास्टिक काढलेल्या. गिऱ्हाईक नसताना दोघी बसलेल्या दिसल्या. मॅनेजर आत येताच उठल्या. त्यांनी काही म्हटलं नव्हतं. मॅडमनी शेरा लिहिला: ‘गिऱ्हाईक नसताना बसण्याची मुभा असल्याची लेखी सूचना, मालकाच्या सहीने, कर्मचाऱ्यांना दिसेल अशी काउंटरच्या आतल्या बाजूस लावावी. मुदत ७ दिवस.’ कागदाने सवय मोडेल का, शंका आहे. पण उद्या कोणी बसल्याबद्दल बोल लावला तर तिला बोट दाखवायला काहीतरी राहील. पुढच्या फेरीत विचारायचा प्रश्न तोच ठेवला आहे: आज सकाळपासून बसलात कधी? उत्तर मॅनेजरांकडून घ्यायचं नाही.

२ एप्रिल

अर्ज छपाईला गेला. दोन बाजू, छोट्या दुकानांसाठी एक. राहिलेली कामं: लक्समापक आणि हवेची यंत्रं किती मिळणार याचा निर्णय अजून वरून आलेला नाही. वजनकाटा मात्र मिळाला, सिलिंडरसाठी, हुकाला टांगायचा. शीतखोली असलेल्या जागांची वेगळी यादी नव्या निरीक्षकांकडे दिली आहे. त्या जागांना दोघांनीच जायचं, आणि एप्रिल संपायच्या आत प्रत्येक दांडा आतून ढकलून झालेला हवा.